मीठ पाणी ओढत नाही

माईक मागपर्यंत येतोय ना? बरं. मग बोलायच्या आधी एक काम उरकून घेतो. ही ताटली बघा, काकडीच्या चकत्या आहेत. तवसं नाही हं, मे महिन्यात तवसं कुठलं मिळायला, ही आपली बाजारातली साधी काकडी. अर्ध्या चकत्यांवर मीठ भुरभुरवतो, अर्ध्या तशाच ठेवतो. आता ताटली इथेच टेबलावर राहू दे, आणि पहिल्या रांगेतल्या मुलांनो, मधेमधे हात घालायचा नाही, हा प्रयोग आहे, कोशिंबीर नाही.

तर मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवली. त्यातली निदान वीस वर्षं मी एक वाक्य वर्गात बेधडक सांगत आलो आणि ते चूक होतं. वाक्य माझ्या आजीचं. आमच्याकडे मेमध्ये कैऱ्या मिठात घालायच्या, चिनी मातीची बरणी, खाली मीठ, वर कैऱ्या, परत मीठ, परत कैऱ्या, पाण्याचा थेंब नाही घालायचा, आणि चार-पाच दिवसांनी दादरा सोडून बघितलं की बरणीत हे एवढं पाणी. मी विचारलं आजी पाणी कोणी घातलं गं, तर म्हणाली कोणी नाही रे, मीठ पाणी ओढतं. झालं. पुढे बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, ऑस्मोसिसची व्याख्या घोकली, तरी डोक्यात चित्र तेच, की मिठाचा खडा बसलाय आणि दोरी लावून कैरीतलं पाणी रहाटाने ओढतोय. आज मला एवढंच सांगायचंय की कोणी ओढत नाही. ना मीठ ओढतं, ना पेशी. आणि तरीसुद्धा एवढं सगळं होतं, ते कसं होतं ते बघू.

आधी डिफ्यूजन, म्हणजे पुस्तकी मराठीत विसरण. पाण्याचा प्रत्येक रेणू, मिठाचा प्रत्येक कण, सतत धडपडत असतो, कारण गरम आहे म्हणून, दुसरं काही नाही. तुम्हाला थंड वाटणाऱ्या पाण्यातसुद्धा. त्याला दिशा नसते. शिमग्यात पालखी नाचवतात बघा, दोन पावलं पुढे, एक मागे, मग एकदम आडवी, मग गिरकी, खांद्यावरच्या माणसालाही सांगता येत नाही पुढचं पाऊल कुठे पडणार. रेणूचं तसंच. आता गंमत बघा, असं दिशा नसलेलं नाचत शंभर पावलं टाकली तर माणूस सुरुवातीच्या जागेपासून सरासरी किती लांब पोचतो? दहा पावलं. दहा हजार टाकली तर? शंभर. म्हणजे दहापट लांब जायला शंभरपट वेळ. हे गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये नीट मांडलं, त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८५५ मध्ये, आडोल्फ फिक नावाच्या जर्मन डॉक्टरने विसरणाचे नियम दिले होते, दाट असेल तिकडून विरळ असेल तिकडे, आणि जेवढा उतार तीव्र तेवढा वेग जास्त.

पण उतार म्हटलं की परत आपल्याला वाटतं कोणीतरी खाली ओढतंय. तसं नाही. जत्रेत मांडवात पाचशे माणसं आहेत आणि बाहेर आवारात वीस, मधे कनात नाही, आणि सगळी बिनकामाची इकडेतिकडे फिरतायत असं धरा. मांडवातून बाहेर पडणारी जास्त आणि बाहेरून आत येणारी कमी, कारण मुळात आत जास्त आहेत म्हणून. एकालाही ठाऊक नाही की बाहेर मोकळं आहे. नुसती मोजदाद आहे ही.

आता या गणिताचे आकडे ऐका. ऑक्सिजन किंवा साखरेसारखा छोटा रेणू पाण्यातून पेशीच्या रुंदीएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात जातो. एकदम फर्स्ट क्लास. एक मिलिमीटर जायला आठ-दहा मिनिटं. एक सेंटिमीटरला अर्ध्या दिवसाहून जास्त. आणि एक मीटर? पंधरा-सोळा वर्षं! म्हणून पेशी एवढीशी असते, आणि म्हणून आपल्याला हृदय लागतं, रक्तवाहिन्या लागतात. नाहीतर छातीतला ऑक्सिजन पायाच्या अंगठ्याला पोचेपर्यंत मुलगा दहावी होईल. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ आहे, आणि पसरली तर साधारण सत्तर चौरस मीटर, म्हणजे टू-बीएचके फ्लॅट. एवढं पातळ आणि एवढं पसरट का, तर सगळा कारभार विसरणावर आहे आणि विसरण जवळच्या जवळ राजा, लांबच्या कामाला शून्य.

इथे मला पुस्तकांशी भांडायचंय जरा. विसरणाचं उदाहरण म्हणून काय देतात, तर अगरबत्तीचा वास खोलीभर पसरतो. चूक! काकूंनी बांगडा तळायला घेतला की शेजारी दोन मिनिटांत वास जातो ना, तो वाऱ्याने जातो, गरम हवा वर उठते, घुसळते, तिच्याबरोबर जातो. हवा अगदी ठप्प असती आणि नुसतं विसरण असतं तर पाच मीटरवरच्या शेजाऱ्याला तो वास यायला दोन आठवडे लागले असते. तोवर बांगड्याचं काय झालं असतं ते सोडा.

बरं, आता पडद्याकडे येऊ. पेशीभोवती जे पटल आहे, मेम्ब्रेन, ते तेलकट आहे. हे कळलं कसं? १८९० च्या दशकात ओव्हर्टन नावाचा माणूस झुरिकला शेकडो पदार्थ पेशींवर घालून बघत होता, कुठला आत शिरतो, कुठला नाही, आणि त्याला दिसलं की जो पदार्थ तेलात विरघळतो तो पटकन शिरतो. म्हणजे दारावरचा माणूस तेलाचा आहे. मग १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशींमधली चरबी काढली, पाण्यावर एका थरात पसरली आणि मोजली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे पटल दुपदरी. पुढे त्यांच्या मोजणीत चुका सापडल्या, पण चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं, असं नशीब आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत कधी मिळालं नाही. दोन्ही पदरांची पाणी आवडणारी डोकी बाहेर आणि तेलकट शेपट्या आत. जाडी किती, तर अशी दोन लाख पटलं एकावर एक ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटर.

या तेलातून कोण सहज जातं? ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल. पाणी जातं, पण कुरकुरत. साखर जवळजवळ नाही. आणि मिठाचे आयन, सोडियम, क्लोराइड, ते तर नाहीच नाही, पाणी आणि सोडियम यांच्यात अब्जावधी पटीचा फरक आहे. का? सोडियम काही मोठा नाही, साखरेच्या रेणूपुढे चिमुरडा आहे. पण त्याच्यावर विद्युतभार असतो, आणि त्यामुळे पाण्याचे रेणू त्याच्याभोवती चिकटून असतात. लावणीच्या वेळी बायका इरलं घेऊन वाकलेल्या असतात बघा, तसं सोडियम पाण्याचं इरलं पांघरूनच हिंडतो. तेलात शिरायचं तर इरलं बाहेर ठेवावं लागतं, आणि भर पावसात इरलं कोण सोडणार? ते सोडायला जी ऊर्जा लागते ती त्याच्याकडे नसते. म्हणून तो दारातनंच परत.

मग पेशीला सोडियम, पोटॅशियम, साखर हवी असते ती येते कशी? पटलात प्रोटीनची दारं असतात. दारं दोन जातीची, आणि दोन्ही आपल्याकडे आहेत. एक बोगदा, एक फेरीबोट.

बोगदा म्हणजे चॅनल. आपला करबुड्याचा बोगदा बघा, साडेसहा किलोमीटर, आत शिरलात की थेट पलीकडे. पोटॅशियमचा चॅनल असाच, सेकंदाला कोटींच्या घरात आयन सोडतो. पण त्यात एक कोडं होतं. हा बोगदा पोटॅशियमला सोडतो आणि सोडियमला अडवतो, एक सोडियम चुकून गेला तर तेवढ्यात दहा हजार पोटॅशियम जातात. आणि सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान आहे! मोठा जातो आणि लहान अडतो. असं कधी दार बघितलंय? ट्रक सुटतो आणि स्कूटर अडते. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी या चॅनलचं चित्र क्ष-किरणांनी काढलं आणि उत्तर मिळालं, आणि उत्तर परत इरल्याचंच. बोगद्याच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर उभे आहेत की पोटॅशियमने इरलं दारात काढलं तरी त्याला आत शिरल्यावर वाटतं इरलं अंगावर आहेच, तेवढ्याच अंतरावरून ते अणू त्याला धरतात. सोडियम बारीक, त्याला ते हात पुरत नाहीत, इरलंही गेलं आणि आधारही नाही, मग तो शिरतच नाही. मला विचाराल तर सगळ्या बायोलॉजीत यापेक्षा सुंदर दार नाही, मी हे रिटायर व्हायच्या आधी दोन-तीनच बॅचना शिकवू शकलो, सिलॅबसमध्ये नव्हतं, तरी शिकवलं.

दुसरं दार फेरीबोटीचं. आज मी दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनेच आलो, मे महिना, चाकरमान्यांच्या गाड्यांची ही रांग. बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या. रांग दुप्पट झाली म्हणून बोट दुप्पट नेत नाही. साखरेचं असं आहे. पटलात एक प्रोटीन असतं, ते बाहेरच्या बाजूने उघडं असतं, साखरेचा एक रेणू बसला की ते कूस बदलतं आणि आतल्या बाजूने उघडतं, साखर उतरते. आपली बोट डिझेलवर चालते, हिला डिझेल लागत नाही, नुसत्या धडपडीवर ती कूस बदलत राहते, आणि ज्या धक्क्यावर रांग मोठी तिथून जास्त नेते. आतून बाहेरही नेऊ शकते! मग पेशी काय हुशारी करते, साखर आत उतरली रे उतरली की तिला फॉस्फेटचं लेबल चिकटवते, आता ती परतीच्या बोटीत बसू शकत नाही. म्हणजे आतल्या धक्क्यावर रांग कायम छोटी. आणि इन्सुलिन? आपल्यात किती जणांना शुगर आहे, हात वर नका करू, मला माहितीय. इन्सुलिन साखर ढकलत नाही. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये काही बोटी आत गोदीत लावून ठेवलेल्या असतात, इन्सुलिन आलं की त्या धक्क्यावर येतात. बोटी वाढल्या, रांग सरकली. डॉक्टर सांगतात चाला, त्यामागे हेही आहे, स्नायू कामाला लागले की इन्सुलिनशिवायही काही बोटी धक्क्याला लागतात.

आता पाणी. परासरण, म्हणजे तेच ऑस्मोसिस, पटलातून होणारी पाण्याची ये-जा. इथे आजीचं वाक्य परत येतं.

१७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने एका भांड्यात अल्कोहोल भरलं, वर डुकराच्या मूत्राशयाची कातडी ताणून बांधली आणि ते पाण्यात बुडवून ठेवलं. कातडी फुगून टम्म झाली. पाणी आत जात होतं, अल्कोहोल फारसं बाहेर येत नव्हतं. कोण ढकलतंय?

असं समजा, मधे एक पटल आहे, त्यातून फक्त पाणी जातं. एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं समुद्राचं. दोन्हीकडून पाण्याचे रेणू पटलावर आपटतायत, काही पलीकडे जातायत. पण समुद्राच्या बाजूला गर्दीत मिठाचे कणही आहेत, ते पटलावर येतात, आपटतात, जाऊ शकत नाहीत, परत फिरतात, आणि तेवढ्यापुरती पाण्याची जागा अडते. समुद्राच्या पाण्यात दर शंभर कणांत साधारण दोन कण मिठाचे. म्हणजे इकडून शंभर रेणू जातायत आणि तिकडून अठ्ठ्याण्णव परत येतायत. फरक दोनाचा. बस. त्या दोघांना आपण म्हणतो मिठाने पाणी ओढलं.

दोन म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हा ओघ थांबवायचा तर समुद्राच्या बाजूने किती दाब द्यावा लागेल माहितीय? वातावरणाच्या दाबाच्या पंचवीसपट. म्हणजे अडीचशे मीटर उंच पाण्याचा खांब. कोकण रेल्वेचा पानवलचा पूल बघितलाय ना, चौसष्ट मीटर, तसे चार पूल एकावर एक. त्यापेक्षा जास्त दाब दिला की ओघ उलटा फिरतो आणि मीठ मागे राहून गोडं पाणी मिळतं, तोच तुमच्या घरचा आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, फक्त घरच्या पाण्यात मीठ कमी म्हणून दाबही कमी पुरतो.

काय म्हणालात तात्या? पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्याचं काय? बरोबर पकडलंत. ते खरंच ओढणं आहे, खड्यामिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते दमट हवेतलं पाणी धरतात. पण परासरणात मिठाला पाण्याची किती ओढ आहे हे कोणी विचारत नाही, तिथे फक्त डोकी मोजली जातात. हे फांट हॉफने दाखवलं, डच माणूस, रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याचं, १९०१ मध्ये. कण कशाचे याला महत्त्व नाही, किती आहेत याला आहे. आणि याचा पुरावा तुमच्या फडताळात आहे. साखरेचा रेणू जड, मिठाचा हलका, शिवाय मीठ पाण्यात फुटून एकाचे दोन होतात. हिशोब केला तर एक किलो मीठ जेवढी डोकी पाण्यात उभी करतं तेवढी उभी करायला साखर लागते साडेअकरा किलोच्या वर! म्हणून खारातल्या कैऱ्यांना मूठ-दोन मूठ मिठात भागतं आणि मुरांब्याला कैरीइतकी, कधी जास्तच साखर ओतावी लागते. आमच्या आईला वाटायचं गोडासाठी घालतात. गोडासाठी थोडी, बाकीची टिकण्यासाठी. बुरशीच्या आणि जंतूच्या पेशीचंही पाणी तसंच बाहेर जातं आणि ती वाढत नाही. खारा बांगडा टिकतो तो असाच, थोडा उन्हाने, बराचसा या मोजदादीने. याला पुरून उरणारे जंतूही आहेत बरं का, मिठागराचं पाणी उन्हाळ्यात कधी गुलाबी दिसतं, खाऱ्या मासळीवर कधी लालसर डाग येतात, ते मिठातच राहणारे सूक्ष्मजीव. ते स्वतःच्या आत पोटॅशियमचं मीठ ठासून भरून घेतात, बाहेर जेवढी डोकी आत तेवढीच, मग पाणी जाणार कशाला.

आता सलाईन. बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, लिटरला ९ ग्रॅम मीठ. तेवढंच का, तर रक्तातल्या पेशीच्या आत जेवढी डोकी आहेत तेवढीच बाहेर व्हावीत. याला समपरासारी म्हणतात. चुकून साधं पाणी शिरेत सोडलं तर लाल पेशी फुगून फुटतील. समुद्राचं पाणी पेशींवर घातलं तर त्या सुकून बेदाण्यासारख्या होतील. ट्रॉलरवरच्या खलाशाला कितीही तहान लागली तरी समुद्राचं पाणी का चालत नाही, तेही हेच, आपल्या मूत्रपिंडाला समुद्राइतकी खारट लघवी करता येत नाही, मग प्यायलेलं मीठ बाहेर टाकायला अंगातलंच पाणी खर्ची पडतं, प्यायलास एक तांब्या आणि गेला दीड.

मूत्रपिंडावरून आठवलं. मघाशी म्हटलं पाणी तेलातून कुरकुरत जातं. पण लाल पेशीत आणि मूत्रपिंडात ते फारच सपाट्याने जायचं, म्हणून पाण्याचंही स्वतंत्र दार असणार असा लोकांना संशय होता, सापडत मात्र नव्हतं. पीटर आग्रे रक्तगटाचं प्रोटीन शोधत होते, त्यात एक भलतंच प्रोटीन सारखं लुडबुडायचं. ते काय करतं बघायला त्यांनी ते बेडकाच्या अंड्यात तयार करवलं. बेडकाची अंडी गोड्या पाण्यातच घातलेली असतात, पाणी आत घेत नाहीत म्हणून टिकतात. हे प्रोटीन असलेली अंडी पाण्यात टाकली तर फटाफट फुगून फुटली. १९९२ ची गोष्ट. दुसरंच शोधताना पाण्याचं दार हाताला लागलं. एका दारातून सेकंदाला तीनेक अब्ज रेणू, एका ओळीत, आणि एवढं उघडं असूनही त्यातून आम्ल जाऊ देत नाही. २००३ चं नोबेल आग्रे आणि मॅकिनन यांना मिळून, म्हणजे पाण्याचा बोगदा आणि पोटॅशियमचा बोगदा एकाच वर्षी. आपली मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर, बाकी सगळं पाणी या दारांतून परत. ही दारंही काही ठिकाणी गोदीतल्या बोटींसारखी वरखाली होतात, मेंदूतून निरोप आला की वर येतात. दारू तो निरोप दाबते. म्हणून माडी घेतलेला माणूस रात्रभर माडाखाली का जातो ते आता विचारू नका.

थोडं खाजणाबद्दल, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीबद्दल बोलतो, कारण तिथे हे सगळं उघड्यावर दिसतं. उधाणाला बांध फुटला, खारं पाणी शेतात आलं, की भात पाण्यात उभं असून वाळतं. लोक म्हणतात मिठाने जाळलं. जाळलं नाही, मुळाबाहेर डोकी वाढली, आता मुळात पाणी शिरेना, उलट निघायला लागलं. मग पहिले पाऊस मीठ धुवून नेईपर्यंत थांबायचं आणि नंतर रुजवायचं, ही आपल्या लोकांची जुनी रीत, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ असे मीठ सोसणारे भात काढले ते यासाठीच. पण त्याच बांधाबाहेर कांदळ, ते खारफुटीचं झाड, समुद्राच्या पाण्यात पाय रोवून हिरवागार! कसा? पानांतून पाणी उडून जातं त्याने खोडातल्या पाण्याला ताण येतो, आणि तो ताण त्या पंचवीस वातावरणांपेक्षा जास्त असतो. १९६५ मध्ये शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने झाडाच्या फांद्या दाबाच्या भांड्यात घालून हे मोजून दाखवलं. मुळाचं पटल मीठ बाहेर ठेवतं, पाणी आत येतं. म्हणजे कांदळ हे चार पानवल पूल उंचीचं आरओ मशीन आहे, वीज उन्हाची. तिवराचं, म्हणजे दुसऱ्या खारफुटीचं, वेगळं, तो थोडं मीठ आत येऊ देतो आणि पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, पान चाटून बघा खारट लागेल, पण त्याला त्यासाठी पदरची ऊर्जा मोडावी लागते.

आणि हे मोडणं महत्त्वाचं आहे. दारांतून उतारावरून होणाऱ्या या ये-जेला आपण निष्क्रिय वहन म्हणतो, पेशीला खर्च नाही म्हणतो, फुकट म्हणतो. दारातून जाताना फुकट, पण उतार कोणी बनवला? बांधाची उघाडी बघा. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती झडप लावून घेतो, माणूस लागत नाही. पण भरती-ओहोटी चंद्र करतो म्हणून ना! आपल्या पेशीत तो चंद्र म्हणजे सोडियम-पोटॅशियमचा पंप, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, रात्रंदिवस, आपण आता बसून खातो त्यातला मोठा वाटा या पंपालाच जातो. हा पंप १९५७ मध्ये येन्स स्काऊ या डॅनिश माणसाला सापडला, कशात, तर कुर्लीच्या पायातल्या नसांत. आपण ते पाय फोडून रस्सा करतो, त्याने नोबेल मिळवलं, १९९७ मध्ये. हा पंप थांबला तर मीठ आत झिरपतं, मागोमाग पाणी, आणि पेशी फुगून फुटते.

दोन उदाहरणं मात्र यातून काढून टाका, नेहमी विचारतात. कुळीथ रात्रभर भिजून फुगतात ते मुख्यतः परासरण नाही, सुक्या दाण्यातली प्रथिनं आणि पीठ पाणी शोषतात, मेलेला दाणाही फुगतो. आणि आवण, म्हणजे भाताची रोपं, काढताना बोटं सुरकुततात तेही नाही, ज्याच्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला आहे त्याचं बोट पाण्यात सुरकुतत नाही, म्हणजे ते मज्जातंतूंचं काम. जळवेवर मीठ टाकता ते मात्र शंभर टक्के परासरण, बिचारीचं.

चला, ताटली. किती झाली, चाळीस मिनिटं? ये रे, तू उचल. ही बिनमिठाची चकती वाकव. कट्ट मोडली, ऐकलंत? आता मिठाची. बघा, कागदासारखी दुमडली. आणि ताटली तिरकी कर, बघा केवढं पाणी. एक थेंब घातला नव्हता. एक नीट बघा हं, हे पाणी जवळपास नितळ आहे. रातांब्याला मीठ लावून आगळ करतो तेव्हा मात्र लाल रंगही उतरतो. तो रंग पेशीच्या पोटातल्या पिशवीत असतो, पेशी जिवंत असेपर्यंत तो सुटत नाही, कारण त्याला दारच नाही. लाल दिसला म्हणजे पटल फाटलं, पेशी मेली. कच्चं बीट धुतलं तर पाणी जरासं गुलाबी, उकडलं की लालभडक, तसंच.

काय विचारतोयस? ही मऊ पडलेली परत साध्या पाण्यात टाकली तर ताठ होईल का? छान. आत्ता टाकलीस तर होईल थोडी, पेशी अजून जिवंत असतील. उद्या सकाळी टाकलीस तर नाही. जा, आतून वाटीभर पाणी आण, बघूच.